शेडमधलं जुनं ऑइल आणि बोटीचं शिळं पेट्रोल: उजनीकाठी आम्ही ते कसं मार्गी लावलं

हे लिहायचं कारण एवढंच की मी शोधत होते तेव्हा आपल्याकडच्या माणसाला उपयोगी पडेल असं काहीच सापडलं नाही. जे सापडलं ते सगळं परदेशातल्या धक्क्यांचं, म्हणजे बोट लावा, बाजूला जुन्या ऑइलची टाकी असते, त्यात ओता आणि घरी जा. उजनी धरणाच्या काठावर कसला धक्का आणि कसली टाकी. इथं बाभळीला दोर बांधला की झाला धक्का.

मी सोलापुरात होटगी रोडला राहते, जीएसटीच्या रिटर्न भरायचं काम करते, बोटीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माझे मामा करमाळा तालुक्यात, जेऊरच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून राहतात. आधी मासेमारी, मग पलीकडं इंदापूरच्या बाजूला माणसं न्यायची आणायची. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या पाण्यात बोट उलटून सहा जण गेले, त्यानंतर मामांनी माणसं नेणं बंदच केलं. आता फक्त चिलापी आणि कटला. गेल्या दिवाळीत थोरल्या मामेभावाने, म्हणजे दादाने, नवीन फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं, त्यामुळं दोन जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायची इंजिनं, शेडमध्ये पडली आणि त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं साठलेला सगळा माल. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे कॅन, गिअर ऑइलच्या बाटल्या, काळ्या चिकट गाळाचा डबा, चिंध्या. शेडला लागून मामीची चूल. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मामी आमच्याकडं आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "पोरी, तू सरकारी कागदाचं काम करतीस, हे कुठं द्यायचं तेवढं बघ की, रात्री दाराखालनं वास येतोय."

वास दाराखालून येतो याला कारण आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि बरोबर चुलीच्या उंचीला येते. म्हणून पहिली गोष्ट कॅन हलवायची, बाकी सगळं नंतर.

मामांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "आमच्याकडं जुनं ऑइल निघतंय कुठं? टू-स्ट्रोकला ऑइल बदलावंच लागत नाही." आणि इंजिनापुरतं हे खरंच आहे, पण त्यातच सगळी मेख आहे. ट्रॅक्टरचं ऑइल काळं होतं, आपण ते काढतो, डब्यात दिसतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच घालतात, ते पेट्रोलबरोबर इंजिनात जातं, काही जळतं आणि उरलेलं बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या मधल्या भोकातून धुरासोबत थेट पाण्यात जातं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात सिलिंडरमधून जळका धूर बाहेर जात असतानाच नवीन मिक्स आत येत असतं, त्यातलं बरंचसं न जळताच धुराबरोबर निघून जातं. साधारण २० ते ३० टक्के इंधन असं वाया जातं. म्हणजे दहा लिटर पेट्रोल घातलं तर दोन-तीन लिटर उजनीला. पेट्रोल शंभरच्या वर असताना हे ऐकल्यावर मामा गप्प झाले, प्रदूषणापेक्षा तो हिशोब त्यांना जास्त लागला असावा. १९७० च्या आधीच्या कितीतरी इंजिनांत तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, साचलेलं मिक्स पाण्यात सोडायला मुद्दाम वाट ठेवलेली असायची. आमची दोन्ही इंजिनं एवढी म्हातारी नव्हती.

पेट्रोल बरंचसं उडून जातं, ऑइल आणि जड भाग मागं राहतो आणि तवंग दिसतो. तो एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचा धरला तर एक लिटर ऑइल जवळपास दहा गुंठे पाणी झाकतं, गुणाकार करून बघा. अमेरिकेत टाहो म्हणून मोठं सरोवर आहे, तिथं १९९९ पासून कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक इंजिनं बंद केलीत. आपल्याकडं तसा विषयच निघत नाही. आणि उजनी म्हणजे नुसतं धरण नाही, सोलापूरला नळाला येणारं बरंचसं पाणी तिथलंच. धरण ११७ टीएमसीचं आहे, दोन-चार इंजिनांनी काय होतंय, असंही लोक म्हणतात. पण उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण मायनसमध्ये जातं, पाणी आकसतं, आणि सगळ्या बोटी त्याच उरलेल्या पाण्यात एका काठाला येतात. मासळीची अंडी-पिल्लंही असल्याच उथळ पाण्यात असतात. वाळू उपसणाऱ्या बोटींचा विषय याहून मोठा आहे, तो इथं नको.

तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेले. पहिलं काम वर्गवारी. घाई करून सगळं एका पिंपात ओतू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण पुढं जो कुणी माल घेणार आहे तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "पेट्रोल किंवा पाणी मिसळलंय का?" एकदा मिसळलं की चांगलं ऑइलही कुणी घेत नाही. आम्ही चार ढीग केले: नुसतं गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल, पेट्रोल-ऑइल मिक्स, गाळ, आणि चिंध्या. प्रत्येक डब्यावर मार्करने लिहिलं. दादा हसत होता, "काय ऑफिस लावलंय," पण पुढं त्यालाच उपयोग झाला.

मिक्सचे कॅन उन्हात धरून बघितले तर दोन थर. आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणाच्या पुढं गेलं की इथेनॉल-पाणी खाली बसतं, वर पेट्रोल तरंगतं. खालचा थर इंजिनात गेला तर त्यात ऑइल जवळजवळ नसतंच, म्हणजे इंजिन कोरडं फिरणार. जुन्या इंजिनांचे रबरी पाइपही या पेट्रोलने मऊ पडतात. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाला मधासारखा पिवळा चिकट थर होता, ते वाळलेलं पेट्रोल.

मेकॅनिक टेंभुर्णीहून आणला, दिवसाचे पंधराशे ठरले. मोटरसायकल आणि मोटरपंप करणारा माणूस, पण हात साफ. त्याने आधी खालच्या गिअरचं ऑइल काढलं. पंख्याजवळ दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. खालचा उघडला की थोडंच येतं, वरचा उघडला की धार लागते. एका इंजिनातलं काळं-हिरवट आलं, दुसऱ्यातलं चक्क दुधाळ. दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलंय, सील गेलेलं आहे, आणि पाणी आत गेलं म्हणजे ऑइलही बाहेर गेलेलं असणार. नवीन भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा मग खालचा. वॉशर नवीन टाकायचे, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे आणि तिच्यामुळंच गळतं. दुधाळ ऑइलची बाटली आम्ही वेगळी ठेवली.

मग इंजिन चालतंय का बघायचं होतं, कारण मामांना त्यातलं बरं असलेलं विकायचं होतं. पाण्याशिवाय आउटबोर्ड चालू करायचं नसतं, ते पाण्यानेच थंड होतं, म्हणून दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात पाणी भरून त्यात शेपूट बुडवलं. पाचेक मिनिटं चालवलं असेल. पिंपातलं पाणी बघून मामी म्हणाल्या, "अगं बाई, हे रोज आपण धरणात सोडत होतो?" वर इंद्रधनुष्य आणि त्यात काळे चिकट ठिपके. धरणात तेच पाणी पसरून जातं म्हणून दिसत नाही.

आता हे पिंप कुठं ओतायचं? शेतात नाही, ओढ्यात तर नाहीच. मेकॅनिक म्हणाला निरमा टाका, साफ होतंय. निरम्याने तवंग दिसेनासा होतो एवढंच, ऑइल बारीक होऊन पाण्यात मिसळतं आणि मग ते काढताच येत नाही. मी सोलापूरची, म्हटलं टॉवेल आहेत की, कंपनीचे सेकंडचे गठ्ठ्याने मिळतात, त्याने टिपून घेऊ. दादाने एक टाकून बघितला. सुती टॉवेल आधी पाणी पितो, जड होऊन बुडतो, ऑइल वरच राहतं. त्यासाठी पॉलिप्रॉपिलिनचे पांढरे पॅड मिळतात, ते पाणी धरत नाहीत, फक्त ऑइल धरतात आणि तरंगत राहतात. ऑनलाइन मागवले, पाकीट सोळाशे रुपयांना, यायला आठवडा लागला, तोवर पिंपावर झाकण. पॅड टाकला की डोळ्यांदेखत काळा होत जातो, बघायला मजा येते. पाकीट मोठं वाटलं तरी वाया जात नाही, एक-एक पॅड बोटीच्या तळात इंजिनाखाली टाकून ठेवला की गळणारं तिथंच अडतं.

इकडं मी सोलापुरात फोन चालू केले. भंगारवाला सगळ्यात सोपा. "ताई, आणा की, तीस रुपये लिटर, रोख." कुठं जातं विचारलं तर म्हणाला सेंट्रिंगला. बांधकामाच्या प्लेटांना लावतात म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. काही भट्टीत जळतं, काही लाकडाला वाळवी लागू नये म्हणून. म्हणजे धरणातलं काढून पहिल्या पावसात दुसऱ्या कुठल्यातरी ओढ्यात. इतका खटाटोप करून हेच करायचं असतं तर मामांनी ते बांधावर ओतलं असतं तरी फरक पडला नसता.

मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारायला गेले. जाताना डब्यांचे फोटो आणि अंदाजे लिटर कागदावर लिहून नेले, ते बरं झालं, बोलणं लगेच मुद्द्यावर आलं. घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यात वापरलेलं ऑइल म्हणजे ५.१, ऑइल असलेला गाळ-अवशेष ५.२, आणि ऑइल लागलेल्या चिंध्या ३३.२. हे नंबर लिहून ठेवा, फोनवर "आमच्याकडं थोडं जुनं ऑइल आहे" म्हटलं की समोरचा टाळतो आणि "पाच-एक साधारण अमुक लिटर, पाच-दोन वेगळं" म्हटलं की दर सांगतो. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलसाठी उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नियम लागू झालेत, म्हणजे जे ऑइल बनवतात-विकतात त्यांनी ठरावीक वाटा परत गोळा होऊन रिसायकल होईल हे बघायचं. त्यामुळं नोंदणीकृत गोळा करणारे लोक आता माल शोधत असतात. नोंदणीकृत रिसायकलरची यादी ऑनलाइन बघता येते, तिथून नंबर घेतले.

फोनवर सगळ्यांचं एकच उत्तर, कमीत कमी एक बॅरल. आमच्याकडं ऑइल म्हणण्यासारखं बारा-पंधरा लिटर. एका माणसासाठी ही व्यवस्था नाहीच, दोष कुणाला देणार, गाडीचं डिझेल तरी निघायला पाहिजे त्यांचं.

दादा गावच्या मच्छीमार संस्थेत आहे. मार्चच्या मीटिंगला त्याने विषय काढला. मी गेले होते, पण बोलले कमी, बाहेरून आलेल्या बाईने शिकवलेलं कुणाला आवडत नाही. मामांनीच पिंपातल्या पाण्याचा फोटो फिरवला आणि पेट्रोलचा तो २० ते ३० टक्क्यांचा हिशोब सांगितला. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "आरं, जाळ्याला चिकट लागतंय ते हेच व्हय." ठरलं असं की संस्थेच्या खोलीमागं सावलीत एक लोखंडी बॅरल ठेवायचं, ज्याचं फोर-स्ट्रोकचं, डिझेल लाँचचं, ट्रॅक्टरचं ऑइल निघेल त्याने तिथं आणायचं. पेट्रोल आणायचं नाही. हा नियम मी आग्रहाने घालून घेतला, कारण एक तर त्याने सगळं बॅरल बाद होतं, आणि दुसरं म्हणजे घरगुती वापरासाठी विनापरवाना पेट्रोल ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, गावाचं सगळं शिळं पेट्रोल एका जागी आणणं म्हणजे परवान्याचा प्रश्न आणि जिवाचाही. बॅरलवर झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली संस्थेच्या सेक्रेटरींकडं. कुलूप ऑइलसाठी नाही, पाण्यासाठी. पाऊस शिरला तर भाव पडतो, आणि कुणीतरी हात धुतलेलं पाणीही ओततं.

बॅरल भरेपर्यंत पेट्रोलच्या मिक्सचा प्रश्न सोडवला. पहिलं डोक्यात येतं ते म्हणजे बोटीतच जाळून टाकू. पण जुन्या इंजिनात जाळलं की पुन्हा पाव हिस्सा पाण्यातच. मग ठरवलं जमिनीवर वापरायचं. कॅन दोन दिवस न हलवता ठेवले, वरचं स्वच्छ पेट्रोल पाइपने अलगद ओढलं, पाइप तोंडाने ओढू नका, दहा रुपयांचा हातपंप मिळत नसेल तर शंभराचा घ्या, पण पंपच घ्या. पाणी अडवणाऱ्या जाळीच्या नरसाळ्यातून गाळलं. मामांचं मिक्स जुन्या पद्धतीचं, लिटरला ४० मिली ऑइल, म्हणजे २५ ला १. त्यात तेवढंच साधं ताजं पेट्रोल घातलं की लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १ होतं, आणि ते शेजारच्यांच्या ग्रास कटरला आणि केळीत फवारायच्या पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपाला चाललं. आधी थोडंसं चालवून बघितलं. ज्याला आंबट वार्निशसारखा वास येत होता ते यात घेतलं नाही, त्याचा डबा गाळाच्या ढिगात. ओतताना कॅन गाडीत ठेवून नाही, जमिनीवर ठेवून, सकाळी गारव्यात, आणि मामीची चूल विझल्यावर.

नवीन मिक्स करणाऱ्यांसाठी एक सांगते. मोटरसायकलचं टू-टी ऑइल आउटबोर्डला घालू नका, डब्यावर टीसीडब्ल्यू-थ्री लिहिलेलं बघा, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं आणि त्यात राख होणारे घटक नसतात, प्लगवर कमी साठतं. आणि माप पुस्तकात बघून. "थोडं जास्त ऑइल घातलं तर इंजिनाला बरं" असं म्हणून जे जास्तीचं घालतात ते धूर आणि तवंग होऊन बाहेर येतं.

एप्रिलच्या शेवटी बॅरल भरत आलं. गोळा करणाऱ्यांची गाडी टेंभुर्णी एमआयडीसीत कारखान्यांच्या फेरीला येते, तिथं आणून दिलं तर घेऊ म्हणाले. एसटी किंवा जेऊरहून रेल्वेने असलं काही न्यायचा विचारसुद्धा करू नका, बंदी आहे. छोटा हत्ती केला, जाऊन-येऊन अठराशे. निघायच्या आधी एक फोन करून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: गाडी नक्की कुठल्या दिवशी, बॅरल ते परत देणार की घेऊन जाणार, आणि गाळाचं वेगळं पिंप त्याच गाडीत चालेल का. आमची तारीख दोनदा पुढं गेली, मे उजाडला, पण टेम्पो सांगितलेला नव्हता म्हणून नुकसान झालं नाही.

ठरल्या दिवशी गाडीवाल्याने आधी लांब पारदर्शक नळी बॅरलच्या तळापर्यंत घातली, वरचं तोंड अंगठ्याने दाबून बाहेर काढली आणि उजेडात धरली. तळाला पाणी किती ते त्यात सरळ दिसतं. आमच्यात बोटभर पण नव्हतं. दुधाळ गिअर ऑइल, आंबलेलं पेट्रोल, गाळ, काळे झालेले पॅड आणि चिंध्या असं दुसरं पिंप होतं, त्याचे मात्र पैसे द्यावे लागले, कारण त्यापासून काही बनत नाही, ते रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात जाणार होतं. आधी फोनवर सांगून, फोटो पाठवून ठेवलं होतं म्हणून घेतलं, ऐनवेळी नेलं असतं तर परत आणावं लागलं असतं. त्यातला आंबलेल्या पेट्रोलचा डबा त्याने वेगळा, झाकणाला सील करून ठेवला.

कागद म्हणजे मॅनिफेस्ट, घातक माल कुठून कुठं गेला याची नोंद, फॉर्म नंबर दहा, सात रंगांच्या सात प्रती. पाठवणारा, नेणारा, घेणारा सगळ्यांच्या सह्या, प्रकाराचे तेच नंबर, किती आणि कशात भरलंय. संस्थेचा शिक्का आणि नोंदणीचा कागद सोबत न्या. आपली प्रत जपून ठेवा, आणि माल पोचल्याची सही असलेली प्रत परत यायला हवी, ती मागून घ्या. आमची जूनमध्ये आली, मी आठवण केल्यावर. ती हातात येईपर्यंत काम झालं असं मी धरलं नव्हतं.

हिशोब असा. १९० लिटर ऑइलचे २४ रुपयांनी ४,५६० मिळाले, बिलासकट. गाळाच्या पिंपाचे ३,५०० गेले, टेम्पो १,८००, रिकामं बॅरल ९००, पॅड १,६००. मेकॅनिकचा खर्च मामांचा खासगी, तो यात नाही. म्हणजे ३,२४० रुपये खिशातून, त्यातले दोन हजार मामांनी दिले आणि बाकीचे संस्थेने. भंगारवाल्याने यापेक्षा जास्त दिले असते हे दादाने मला दोनदा ऐकवलं. गाळाचा ढीग एकदाच निघतो, पुढच्या वेळी तो खर्च नाही आणि बॅरल घरचंच आहे, त्यामुळं टेम्पो जाऊन थोडे पैसे उरतील असं सेक्रेटरी म्हणतात.

दोन इंजिनांपैकी ज्याचं सील गेलं होतं ते मामांनी विकलं नाही, सुट्या भागांना ठेवलं. दुसऱ्याला बारामतीकडचं गिऱ्हाईक आलं होतं, विहिरीवर काहीतरी करायला हवंय म्हणाला, दर जमला नाही. कुणाला उजनीच्या या बाजूला बॅरलची व्यवस्था करायची असेल तर आधी आपल्या संस्थेत विचारा, दहा-बारा घरं तयार झाली तरी उन्हाळ्यापर्यंत भरतं, त्यात ट्रॅक्टरवाले धरा, ऑइल खरं त्यांचंच जास्त असतं.